‘कीप टाइम’ म्हणजे वेळ पाळणं?

प्रश्न : ‘धिस क्लॉक कीप्स गुड टाइम’ हे वाक्य वाचनात आलं. मग ‘मी नेहमी वेळ पाळतो’ यासाठी ‘आय ऑलवेज कीप टाइम’ म्हटलेलं चालेल का?

उत्तर : नाही, तसं म्हणू नका. ‘कीप टाइम’चा कर्ता माणूस असला, की ऐकणाऱ्याला गाणंबजावणं आठवतं : ड्रमवाला लय सांभाळतो, श्रोता पायाने ठेका धरतो. वक्तशीरपणासाठी सरळ ‘आय ॲम ऑलवेज पंक्च्युअल’ म्हणा. ब्रिटिश इंग्रजीत वक्तशीर माणसाला ‘अ गुड टाइमकीपर’ म्हणतात. कामावर कुणाचं ‘टाइमकीपिंग’ ‘पुअर’ आहे म्हटलं, तर त्याला उशिरा यायची सवय आहे असं समजावं.

घड्याळाच्या बाबतीत ‘कीप्स गुड टाइम’ म्हणजे त्याची चाल बरोबर आहे. चाल हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. ‘इट इज फाइव्ह मिनिट्स फास्ट’ म्हणजे आत्ता, या घडीला घड्याळ ५ मिनिटं पुढे आहे. ‘इट गेन्स फाइव्ह मिनिट्स अ डे’ म्हणजे ते रोज ५ मिनिटं पुढे जातं; आठवड्याने ३५ मिनिटांचा फरक पडेल. उलट, रोज मागे पडत असेल तर ‘लूझेस’. पहिल्या घड्याळाचे काटे एकदा जुळवले की भागतं, म्हणून ‘फास्ट’ असलेलं घड्याळही ‘गुड टाइम’ ‘कीप’ करत असू शकतं. ‘गेन्स’ किंवा ‘लूझेस’ असेल, तर नुसते काटे जुळवून उपयोग नाही, चालच सुधारावी लागते.

लंबकाच्या घड्याळात ही चाल गोळ्याखालच्या नटाने बदलते. घड्याळ ‘गेन’ करत असेल तर गोळा खाली घ्यायचा, ‘लूझ’ करत असेल तर वर. लंबक लांबला की झोका संथ होतो. उन्हाळ्यात धातूचा दांडा प्रसरण पावून घड्याळ मागे पडतं ते यामुळेच. दर सेकंदाला एक ठोका देणारा लंबक सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांब असतो आणि त्यात १ मिलिमीटरचा फरक केला, तर दिवसाला जवळजवळ ४३ सेकंदांचा फरक पडतो. तेव्हा नट अगदी किंचित फिरवा, २४ तास थांबा, मगच पुन्हा हात लावा.

‘मेक गुड टाइम’ मात्र निराळं. ‘वी मेड गुड टाइम’ म्हणजे प्रवासात वाटलं होतं त्यापेक्षा लवकर अंतर कापलं.