मेल वडिलांचा, खातं मुलाचं

सल्ला मागणाऱ्या एका वडिलांचं पत्र थोडक्यात असं: मुलगा सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडिलांचं खासगी जमीन मोजणीचं ऑफिस आहे आणि तिथले नकाशे मुलगाच क्यूजीआयएस या मुक्तस्रोत (म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरमध्ये करतो. शेजारच्या मुलाची गूगल समर ऑफ कोडमध्ये (मुक्तस्रोत प्रकल्पांत मानधनावर काम करायच्या गूगलच्या योजनेत) निवड झाली, तेव्हा ‘यंदा याचीही झालीच पाहिजे’ असं घरात ठरलं. मुलाने क्यूजीआयएसवाल्यांच्या गटात मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो टाकून विचारलं, ‘सर, मराठी नावं तुटतात, अर्जंट हेल्प.’ उत्तर आलं, ‘फॉरमॅट कोणता? आवृत्ती कोणती? डॉक्युमेंटेशन पाहिलंत का?’ वडिलांना हा अपमान वाटला. त्यांनी मुलाच्या खात्यावरून ते उत्तर देणाऱ्या डेव्हलपरला थेट मेल केला: मुलगा हुशार आहे, संधी द्यावी. दोन आठवडे झाले तरी उत्तर नाही. ‘आता दाद कुठे मागावी?’

दाद मागण्यासारखं काहीच घडलेलं नाही. मुलाचे गुण, त्याचं इंग्रजी, यातलं मला काही खटकलं नाही. खटकलं ते हे, की तुम्ही त्याच्या खात्यात शिरून त्याच्या नावाने लिहिलंत. मुक्तस्रोताच्या जगात माणसाचं खातं हीच त्याची ओळख. कोणी काय विचारलं, कोणता कोड दिला, चूक दाखवल्यावर कसा वागला, हे वर्षानुवर्षं तिथेच राहतं. तुम्ही बी.ई. प्रवेशाच्या रांगेत त्याच्याबरोबर उभे राहिला असाल, ते ठीक. इथे नाही. शिवाय रोज जेवताना ‘आज किती पुल रिक्वेस्ट (प्रकल्पाला सुचवलेले बदल) झाल्या?’ असं विचारता, असंही तुम्हीच लिहिलंय. आकडा मागितला की मुलं आकडाच आणून देतात: कुठल्या तरी प्रकल्पाच्या रीडमीत, म्हणजे माहितीच्या फाइलीत, स्वल्पविराम घालायचा, नाहीतर स्वतःचं नाव टाकायचं. 2020 च्या हॅक्टोबरफेस्ट या मुक्तस्रोत योगदानाच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात टी-शर्टसाठी असाच पूर आला आणि त्याच महिन्यात आयोजकांना नियम बदलावा लागला, की जे प्रकल्प स्वतःहून सामील होतील तेवढेच धरायचे. तुमच्या मुलाला अशा टी-शर्टवाल्यांत बसवू नका.

आता तुमचा मोठा गैरसमज. ‘डॉक्युमेंटेशन पाहिलंत का’ हा अपमान नव्हे, आणि तो डेव्हलपर काही कस्टमर केअरमध्ये बसलेला नाही. अशा गटांत उत्तर देणारे बरेचसे लोक आपली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात मदत करतात. फॉरमॅट आणि आवृत्ती विचारली, म्हणजे तो माणूस प्रश्न सोडवायलाच बसला होता! मुलाने तेवढं सांगितलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. तुमच्या ऑफिसात कोणी गट नंबर न सांगता ‘माझी हद्द चुकली, अर्जंट बघा’ म्हणालं, तर तुम्ही काय विचाराल?

तुमच्या वर्णनावरून फाइल शेपफाइल (नकाशे साठवण्याचा एक जुना फॉरमॅट) असणार, म्हणजे यात क्यूजीआयएसचा दोषच नाही. शेपफाइलमधली तक्त्यातली माहिती डीबीएफ या जुन्या फॉरमॅटमध्ये साठते आणि त्यात रकान्याच्या नावाला फक्त 10 बाइट मिळतात. इंग्रजीत ती दहा अक्षरं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. काना, मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते. म्हणून ‘गावाचे नाव’ आणि ‘गावाचा कोड’ हे दोन्ही रकाने ‘गाव’पाशीच तुटतात. नकाशाचा थर जिओपॅकेज या नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केला की ही मर्यादा जाते. शेपफाइलच्या मर्यादा शोधल्या असत्या तर मुलाला हे स्वतःलाच सापडलं असतं. आधी अर्धा-पाऊण तास स्वतः झटायचं ते यासाठी. एररचा संदेश जसाच्या तसा अवतरणचिन्हांत घालून शोधावा, आणि त्या सॉफ्टवेअरच्या नोंदींतल्या, बंद झालेल्या तक्रारीही चाळाव्यात. उत्तर बहुतेकदा तिथेच असतं.

एवढं करूनही अडलं तर खुशाल विचारावं. क्यूजीआयएसच्या तक्रारीच्या अर्जातच सगळं मागितलेलं असतं: अडचण घडवून आणण्याच्या पायऱ्या, ‘अबाउट’मधून कॉपी केलेली आवृत्तीची माहिती, आणि नव्या यूजर प्रोफाइलमध्ये करून पाहिलंत का. हा शेवटचा मुद्दा मुलं हमखास गाळतात. सेटिंग्जमधून कोरं प्रोफाइल काढून तेच करून पाहायचं; तिथे अडचण आली नाही तर दोष एखाद्या प्लगइनचा (वरून जोडलेल्या सॉफ्टवेअरचा) किंवा आपल्याच सेटिंगचा. सोबत दोन-तीन ओळींची नमुना फाइल द्यावी, ऑफिसचा अख्खा तालुका नको (आणि खातेदारांची नावं तर मुळीच नकोत). एरर मजकूर म्हणून चिकटवावी, फोटो कोणी शोधू शकत नाही. व्यक्तिगत मेसेज करू नये, चारचौघांत विचारावं. म्हणजे पुढच्यालाही उपयोग होतो. ‘सर’ नको, नाव चालतं. मोडकं इंग्रजी चालतं. चॅटबॉटकडून लिहून घेतलेला, स्वतः न तपासलेला गुळगुळीत पानभर मजकूर चालत नाही. अशा बनावट तक्रारींनी कर्ल या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग किती वैतागलेत, ते त्यांनी जाहीरपणे लिहिलंय. आठवण करायची तर आठवड्याने, एकदा, काही नवी माहिती घेऊन. रोजचं ‘एनी अपडेट?’ बंद.

गेट, कॅम्पस, परदेशातलं एमएस हे रस्ते कॉलेजात कळतीलच. समर ऑफ कोडला 18 वर्षं पूर्ण लागतात, प्रकल्प 90, 175 किंवा 350 तासांचे असतात. माझं स्पष्ट मत: यंदा अर्जच करू नये. कॉलेजातली बाकीची मुलं ‘सोपा इश्यू’, म्हणजे सहज सुटेल अशी कोणीतरी नोंदवलेली अडचण, शोधत फिरतात; तुमच्या मुलापाशी रोजच्या कामातून आलेल्या खऱ्या अडचणी आहेत. वर्षभर त्याने त्या नीट नोंदवाव्यात, इतरांच्या तक्रारी आपल्या संगणकावर पडताळून ‘माझ्याकडेही होतं, अमुक आवृत्तीत’ असं कळवावं. त्यातून एखादी दुरुस्ती हातून झाली तर अर्जाचं पुढच्या वर्षी पाहू.

या आठवड्यात त्याने त्या डेव्हलपरला दोन ओळी लिहाव्यात: मागचा मेल मी लिहिला नव्हता, तसदीबद्दल क्षमस्व. बस, खुलासे नकोत. मग गटातल्या स्वतःच्या प्रश्नाखाली शेपफाइलचं कारण आणि जिओपॅकेजचा उपाय लिहावा. नुसतं ‘सॉल्व्ह्ड, थँक्स’ नको. आणि हो, पासवर्ड बदलावा. नवा तुम्हाला सांगू नये.