छत्री घेतलेली ती जपानी ‘बाई’

प्रश्न: ताई नमस्कार, मी अमळनेरहून लिहितोय. आजोबांच्या पेटीत एक जपानी चित्र सापडलंय, बर्फ पडतोय, पांढरा किमोनो घातलेली बाई छत्री घेऊन नाचतेय, कपाळावर जांभळं फडकं आहे. हे हाताने काढलंय की छापलंय? घरचे म्हणतात लॅमिनेशन करून हॉलमध्ये लावू, लावू का?

उत्तर: भाऊ, लॅमिनेशन अजिबात करू नका, बाकीचं नंतर बोलू.

आणि ती बाई नाहीच बरं का. ते जांभळं फडकं म्हणजे काबुकीतला, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाच-गाण्याच्या नाटकातला, पुरुष नट. 1629 मध्ये जपानात बायकांना रंगमंचावर बंदी आली, मग कोवळी पोरं त्या भूमिका करायला लागली, 1652 मध्ये त्यांच्यावरही गदा आली, आणि पुढे नटांना कपाळावरचे केस भादरावेच लागायचे, ते झाकायला हे फडकं. स्त्रीपार्टी करणाऱ्या या नटांना ओन्नागाता म्हणतात. तमाशातला नाच्या बघितलेल्या आपल्या लोकांना यात नवल नाही वाटणार!

पांढरा किमोनो, छत्री, बर्फ म्हणजे बहुतेक ‘सागी मुसुमे’, मुलीच्या रूपातली बगळी, हा नाच 1762 मध्ये पहिल्यांदा झाला. नाचता नाचता मागचा मदतनीस कच्चे टाके ओढतो आणि वरचा किमोनो निघून आतला रंगीत दिसतो, प्रेक्षक तिथे खूश.

आता छपाई. चित्रकार फक्त रेखाटन करतो, ठसे कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. चेरीच्या लाकडाचे ठसे, साधारण प्रत्येक रंगाला एक. कागद ठशावर पालथा ठेवून पाठीमागून बारेन नावाच्या चकतीने घासतात, म्हणून चित्र आधी उलटं करून बघा, रंग पाठीला उतरलेला आणि घासल्याच्या खुणा दिसल्या तर ठशाचं असायची शक्यता दाट. भिंगातून सगळीकडे बारीक ठिपके दिसले तर ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची छपाई, विषय संपला. मोबाईलचा टॉर्च बाजूने आडवा मारा, पांढऱ्या किमोनोवर कधीकधी शाई न लावता नुसती दाबून उठवलेली नक्षी असते, समोरून ती दिसतच नाही. मात्र ठशाचं म्हणजे जुनंच असं नाही, विसाव्या शतकात नवे ठसे कोरून जुन्या चित्रांच्या भरपूर प्रती काढल्यात.

हॉलमध्ये लावायचं तर ऊन येणारी भिंत नको, आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा, हे रंग उजेडानेच उडतात. सेलोटेप नको, ॲसिड-फ्री माउंट (चित्रामागचा, आम्ल नसलेला पुठ्ठा) घ्या, काच चित्राला टेकू देऊ नका. आणि कोपऱ्यातल्या जपानी अक्षरांचा जवळून फोटो काढून पाठवा, चित्रकाराची सही त्यातच असते, नटाचं नावही बऱ्याचदा सापडतं.