प्रोस्टेटची शस्त्रक्रिया : रोबोटिकमध्ये ताण खरंच कमी?

प्रश्न : वडिलांचं वय ६७. प्रोस्टेटचा कर्करोग ग्रंथीपुरताच आहे आणि ग्रंथी काढायचं ठरलंय. त्यांना मधुमेह आहे, काचबिंदूचे थेंबही चालू आहेत. 'रोबोटने केली की शरीराला काही कळतच नाही,' असं जो तो सांगतो. हे खरं का?

उत्तर : ताण कमी असतो, पण 'कळतच नाही' हे खरं नाही. आतलं काम ओपन (पोटावर मोठा छेद घेऊन) आणि रोबोटिक, दोन्हींत तेच : प्रोस्टेट आणि शुक्राशय काढायचे, मग मूत्राशयाचं तोंड मूत्रमार्गाला शिवायचं. फरक आहे तो तिथवर पोहोचण्यात. ओपनमध्ये बेंबीखाली साधारण ८ ते १० सेंमीचा छेद, तर रोबोटिकमध्ये ८ ते १२ मिमीची पाच-सहा छिद्रं. त्यातलं एक ग्रंथी बाहेर काढताना थोडं वाढवावं लागतं.

जखमेचा ताण रक्तात दिसतो. शरीरातला दाह दाखवणाऱ्या प्रथिनांपैकी इंटरल्युकिन-६ काही तासांतच वाढतं, सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत वर जातं. रोबोटिकमध्ये ही वाढ सहसा कमी असते. कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकामुळे साखर मात्र दोन्हींत चढू शकते, म्हणून ती वारंवार तपासायलाच हवी.

मोठा फरक रक्तस्रावात. रोबोटिकमध्ये पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बारीक शिरा दबून राहतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये दोन्ही पद्धतींची थेट तुलना झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत सरासरी रक्तस्राव रोबोटिकमध्ये सुमारे ४४० मिली, ओपनमध्ये सुमारे १,३४० मिली होता. पहिल्या आठवड्यातल्या वेदनाही रोबोटिकमध्ये कमी होत्या. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता मात्र १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत सारखीच.

आता वडिलांसाठी कळीचा मुद्दा. रोबोटिकमध्ये टेबल २५ ते ३० अंश डोक्याकडे उतरतं करून रुग्णाला काही तास तसंच ठेवतात. चेहरा, ओठ, पापण्या सुजतात. डोळ्यांतला दाब जसजसा वेळ जाईल तसतसा वाढतो, आणि काचबिंदूत हेच धोक्याचं. म्हणून आधी नेत्रतज्ज्ञांकडून दाब आणि डोळ्याची नस तपासून घ्या, अहवाल भूलतज्ज्ञांच्या हाती द्या. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळचे थेंब चुकवायचे की नाही, हे स्वतः ठरवू नका, भूलतज्ज्ञांना विचारा. दाब आटोक्यात नसेल तर ओपनचा विचार जरूर व्हावा. त्यात इतकं उतरतं झोपवावं लागत नाही.

हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतील तरीही हेच. वायूच्या दाबाने श्वासपटल वर ढकललं जातं, फुप्फुसं पुरती फुलत नाहीत. शिवाय रक्तात शोषलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी व्हेंटिलेटरचा वेग वाढवावा लागतो.

नंतर एक-दोन दिवस खांदा दुखला तर घाबरू नका, तो उरलेल्या वायूचा परिणाम. पोटरी एकाच बाजूची सुजली, दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर मात्र रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा त्याच क्षणी रुग्णालय गाठा, शस्त्रक्रिया कोणत्याही पद्धतीने झालेली असो.