थंड घराची तक्रार पहिल्याच दिवशी लिहून द्यावी

तुम्ही नोव्हेंबरात पत्नी आणि पाच वर्षांच्या मुलासह पुण्याहून जर्मनीत श्टुटगार्टला येत आहात, घर जुन्या इमारतीत मिळाले आहे, आणि तिथले हीटिंग नीट चालले नाही तर भाडे थांबवता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा आणि नोंदणीची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती मी पुन्हा सांगत नाही. हीटिंगबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण आमच्या इथल्या पहिल्या हिवाळ्याची बोच नऊ वर्षांनंतरही गेलेली नाही.

भाडे एकदम थांबवू नका. जर्मन दिवाणी संहितेच्या कलम 536 नुसार घराच्या वापरात मोठी अडचण आणणारा दोष असेल, तर तो असेपर्यंत भाडे कायद्यानेच कमी होते आणि त्यासाठी मालकाची संमती लागत नाही. इकडे याला मीटमिंडरुंग म्हणतात. हीटिंगचा हंगाम सर्वसाधारणपणे 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल धरतात, आणि राहत्या खोल्यांत दिवसा 20 ते 22 व रात्री 18 अंश सेल्सिअस तापमान मिळावे, असे न्यायालये साधारणतः मानतात. किती टक्के कपात करावी, याचा तक्ता कायद्यात नाही. ऐन थंडीत हीटिंग पूर्ण बंद पडल्यावर सगळे भाडे माफ ठरवणारे निकाल आहेत, पण खोली दोन-तीन अंशांनी कमी तापत असेल, तर सवलत थोडीच मिळते. तुम्ही अंदाजाने जास्त कपात केली आणि थकबाकी दोन महिन्यांच्या भाड्याएवढी साचली, तर मालक तात्काळ करार संपवू शकतो. म्हणून भाडे पूर्ण, पण ‘हक्क राखून’ भरत राहावे, तसे मालकाला लेखी कळवावे, आणि मीटरफेराइन या भाडेकरू संघटनेच्या वकिलाने टक्का सांगितल्यावर फरक परत मागावा. संघटनेचे सदस्यत्व थंडीआधीच घ्यावे, कारण तिच्यामार्फत मिळणाऱ्या न्यायालयीन खर्चाच्या विम्याला बहुधा तीन महिने थांबावे लागते.

मात्र दोष मालकाला ताबडतोब कळवलेला असला पाहिजे. न कळवल्यामुळे मालकाला दुरुस्ती करता आली नसेल, तर त्या काळाचे भाडे कमी करता येत नाही. मी इथेच चुकलो.

चाळीसएक अर्ज केल्यावर आम्हाला ते तिसऱ्या मजल्यावरचे घर मिळाले होते, आणि परदेशी कुटुंबाला घर देणाऱ्या मालकीणबाईंचे माझ्यावर उपकार आहेत, अशी माझी समजूत होती. रेडिएटरची चावी पाचवर फिरवली, तरी त्याचा वरचा भाग कोमट आणि खालचा गार राहायचा. इमारतीची देखभाल पाहणाऱ्या गृहस्थांना मी तीनदा फोन केला, त्यांनी तीनदा ‘बघतो’ म्हटले, आणि त्या फोनचा कसलाही पुरावा माझ्याकडे राहिला नाही. मग मी दोन किलोवॅटचा विजेचा हीटर आणला, जो आठ तास चालवला की 16 युनिट वीज जळते, म्हणजे रोज पाच-सहा युरोंच्या आसपास. सकाळी खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळायचे, ते मी जुन्या पंचाने टिपत असे. कपाटामागे काळी बुरशी धरली, तीही मी गुपचूप घासून काढली. गावी व्हिडिओ कॉल करताना आईला कळू नये म्हणून आम्ही जॅकेट काढून बसत होतो.

मुलगी तेव्हा चौथीत होती. आजीने शिवलेली गोधडी पायांवर घेऊन ती स्वयंपाकघरात अभ्यास करायची आणि मध्येच पेन ठेवून बोटे काखेत धरायची. जानेवारीत खोकल्याने तिची दोन आठवडे शाळा बुडाली. इथे चौथीच्या मध्यावर पुढच्या शाळेची शिफारस होते. त्या भेटीत शिक्षिकांनी मला विचारले की ती वर्गात थकलेली दिसते, तर घरी तिला अभ्यासाला चांगली जागा आहे ना. मी ‘आहे’ म्हणालो. शिफारस विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमची न येता रेआलशुल या मधल्या स्तराच्या शाळेची आली. थंडीमुळेच तसे झाले, असे मी सिद्ध करू शकत नाही, पण मी तेव्हा खरे सांगितले नाही, हे मला अजून सलते.

अखेर 1 मार्चला मी पत्र लिहिले. आठव्या दिवशी तंत्रज्ञ आला, त्याने तळघरातला पाणी फिरवणारा पंप बदलला आणि दोन तासांच्या आत काम संपवले. मालकीणबाईंनी मला एका शब्दाने दुखावले नाही. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

तेव्हा घराचा ताबा घेताना प्रत्येक रेडिएटर सुरू करून हात लावून पाहा आणि जो तापत नाही, त्याची नोंद ताब्याच्या कागदावर करून घ्या. माहीत असलेला दोष कोणतीही हरकत न नोंदवता स्वीकारला, तर त्यावरून पुढे भाडे कमी करता येत नाही. साधा थर्मामीटर खोलीच्या मध्यभागी ठेवून रोज तीन वेळा तापमान लिहा आणि फोटो काढा. दोषाची सूचना, म्हणजे मेंगेलआनत्साइगे, दुरुस्तीची मुदत घालून रजिस्टर टपालाने पाठवा. कडाक्याच्या थंडीत दाद मिळालीच नाही, तर स्थानिक न्यायालयाकडे तातडीचा आदेशही मागता येतो. परदेशी आहोत म्हणून यातला कोणताही हक्क कमी होत नाही, आणि तक्रार केली म्हणून मालक घर काढून घेऊ शकत नाही.

माझे ते पत्र अजून जपून ठेवलेले आहे. हवे असल्यास पाठवतो. त्यात नाव, पत्ता आणि तारीख बदला, आणि ते मात्र घर गार पडल्याच्या पहिल्याच दिवशी पाठवा.