नीतीचा पाया ठरल्याशिवाय नैतिक सिद्धान्तांना अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा, की नैतिक सत्य मुळात असतं की ते माणसानेच रचलेलं, याचा निकाल लागेपर्यंत उपयुक्ततावाद (कृत्य योग्य की अयोग्य हे परिणामांवरून ठरवणारा) बरोबर की कर्तव्यवाद (काही कर्तव्यं परिणामांचा हिशेब न करता पाळायची असतात, असं म्हणणारा) यावर डोकेफोड कशाला करायची? मी मुंबईत नर्सिंगच्या मुलींना नीतिशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो. माझ्या मते डोकेफोड करायलाच हवी. आधी पाया, मग सिद्धान्त, असा क्रम इथे लागत नाही.

मूर आणि रॉस या दोन ब्रिटिश तत्त्वज्ञांची जोडी बघा. चांगुलपणा हा स्वतंत्र, वस्तुनिष्ठ गुण आहे, तो इतर कशात विरघळवता येत नाही, हे दोघांनाही मान्य. तरी मूर १९०३ मध्ये म्हणतो, ज्याचा परिणाम सर्वांत चांगला तेच कृत्य योग्य. रॉस १९३० मध्ये ते साफ नाकारतो : दिलेला शब्द पाळणं हे परिणामांच्या हिशेबात न मावणारं कर्तव्य आहे. उलट हेअर हा तिसरा तत्त्वज्ञ म्हणतो की नैतिक विधानं वस्तुस्थिती सांगतच नाहीत, ती एक प्रकारची आज्ञा असतात. आणि तिथून निघून तो उपयुक्ततावादाला पोचतो! म्हणजे एका पायावरून दोन वाटा फुटतात आणि वेगळ्या पायांवरूनही माणसं शेजारी येऊन बसतात.

पण म्हणून पायाचा प्रश्न फुकटचा, असंही मी म्हणणार नाही. अरुणा शानबाग यांचं प्रकरण घ्या. परळच्या केईएममधल्या या नर्सवर १९७३ मध्ये हॉस्पिटलातच हल्ला झाला आणि २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना मरण येऊ द्यावं, या याचिकेवर ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कडक अटींवर, उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवायला मुभा दिली, पण अरुणांच्या बाबतीत नकार दिला. त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार याचिका करणाऱ्या लेखिकेचा नाही, इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या स्टाफचा, आणि स्टाफला त्या जगायला हव्या होत्या.

वर्गात इथे जोरदार वाद होतो. नैतिक विधानं म्हणजे नुसते भावनांचे उद्गार, हे एअर या तत्त्वज्ञाने १९३६ मध्ये मांडलेलं मत घेतलं, तर तथ्यं दोन्ही बाजूंना मान्य झाल्यावर उरतो तो फक्त भावनांचा फरक. चूक कोण, हा प्रश्नच उरत नाही. मुली मात्र तसं भांडत नाहीत. त्या कारणं मागतात. एकीने विचारलं होतं, "मॅडम, रोज भरवणाऱ्या हातांना जास्त अधिकार का?" हा प्रश्न वॉर्डातून आलेला आहे, पण जातो थेट मुळाशी : नातं आणि सेवा यांतून स्वतंत्र नैतिक कारण तयार होतं, की मोजायचं ते फक्त रुग्णाचं हित? मूळ प्रश्नांना धार येते ती अशा जागी, आणि नुसतं अधिनीतिशास्त्र, म्हणजे नीतीच्या पायाचीच चर्चा, वाचणाऱ्याच्या हाती ती सहसा लागत नाही.

वाचायला सुरुवात करणार असाल तर मॅकी या तत्त्वज्ञाचं १९७७ चं 'Ethics: Inventing Right and Wrong' हे पुस्तक घ्या. वस्तुनिष्ठ मूल्यं नाहीतच, असं तो सुरुवातीलाच ठासून सांगतो. बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. तुम्ही मिटू नका. कसं वागावं यावर तो पुढे पानंच्या पानं लिहितो.