गजकर्ण, इसब, खरूज, कोड : नाव ओळखा, मग औषध लावा

प्रश्न : गेल्या पावसाळ्यापासून माझ्या यजमानांच्या जांघेत आणि कमरेवर गोल चट्टे उठत आहेत. सासूबाई त्याला गजकर्ण म्हणतात, तर शेजारच्या काकू इसब म्हणतात. काकूंना त्यांच्या इसबासाठी मिळालेली ट्यूब यांनी लावली. चार दिवसांत खाज थांबली, पण ट्यूब बंद करताच चट्टे पूर्वीपेक्षा जास्त पसरले. गजकर्ण, नायटा आणि इसब हे एकच आहेत का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : गजकर्ण आणि नायटा ही एकाच आजाराची नावे आहेत, इसब मात्र अगदी वेगळा. गजकर्ण बुरशीमुळे होते आणि एकाचे दुसऱ्याला लागते. इसबात त्वचेचा संरक्षक थर दुबळा पडून दाह होतो. तो कोणालाही लागत नाही. गजकर्णाच्या चट्ट्याची कड लालसर, किंचित उंच आणि बारीक खपल्यांची असते, आतला भाग निवळत जातो, आणि म्हणून ते कड्यासारखे दिसते. इसबात असे कडे सहसा नसते. कातडी कोरडी पडते किंवा पाझरते आणि खाजवून खाजवून जाड होते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. काकूंच्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असावे. इसबावर ते योग्य औषध आहे, कारण ते दाह शमवते. पण दाह शमवताना ते त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबते, आणि बुरशीला मोकळे रान मिळते. लाली आणि खाज जाते, बुरशी मात्र वाढतच राहते. अशा रुग्णाची ती ठळक कड पुसट झालेली असते, त्यामुळे आम्हालाही आजार ओळखायला वेळ लागतो. जांघेसारख्या नाजूक जागी ही ट्यूब महिनोन्‌महिने लावली, तर कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे पडतात. टूथपेस्टसारखी शेवटच्या थेंबापर्यंत गुंडाळत आणलेली ट्यूब खिशातून काढून ‘हीच पुन्हा लिहून द्या’ असे सांगणारे रुग्ण मला जवळजवळ रोज भेटतात, आणि दरवेळी वाईट वाटते.

ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्यावी. ‘क्लोबेटासोल’ हे तीव्र स्टेरॉइड आहे आणि ‘क्लोट्रिमॅझोल’ हे बुरशीवरचे औषध. कानाला दोन्ही सारखीच वाटतात आणि काम मात्र उलट करतात. काही ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तिन्ही एकत्र असतात, आणि गजकर्ण चिवट होण्यात या मिश्रणांचा वाटा मोठा आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याची 14 स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, तरीही ती एका हातातून दुसऱ्या हातात जातातच, तुमच्याकडे आली तशी.

यजमानांनी ती ट्यूब थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि ट्यूब सोबत न्यावी. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की बुरशी आहे की नाही हे कळते. बुरशीवरचे मलम चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचे असते आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचे असते. दुचाकीवरून भिजून आल्यावर ओली जीन्स अंगावरच वाळू देऊ नये. टॉवेल वेगळा ठेवावा, आणि घरात आणखी कोणाला चट्टे असतील, तर त्यांचे उपचारही त्याच वेळी सुरू करावेत.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि कॉट बेसिसवर राहतो. खोलीत आम्ही सहा जण आहोत. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या आल्या आहेत आणि रात्री खाजेने झोप लागत नाही. मित्र ‘उष्णता’ म्हणतात.
— एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : तुमच्या वर्णनावरून ही खरूज वाटते, एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. खरूज सूक्ष्म किडीमुळे होते. ही कीड कातडीत बीळ करून राहते आणि तिची खाज रात्री वाढते. उष्णतेचा येथे काही संबंध नाही. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम रात्री गळ्यापासून तळपायापर्यंत, बेचक्यांत आणि नखांखालीही लावून सकाळी आंघोळ करायची आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे, असा नेहमीचा उपचार आहे. मात्र सहाही जणांनी एकाच रात्री लावले पाहिजे, खाज नसलेल्यानेही. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. कीड मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून मलम पुन्हापुन्हा थापू नये.

प्रश्न : माझ्या नातीच्या गुडघ्यावर आणि ओठाजवळ पांढरे डाग आले आहेत. डॉक्टरांनी कोड सांगितले. एका नातेवाइकाने मात्र ‘श्वेतकुष्ठ’ म्हटले आणि सून रडू लागली.
— एक निवृत्त शिक्षिका, चिंचवड

उत्तर : या एका शब्दाने किती घरांत अकारण दुःख पसरले आहे, हे मी पाहिले आहे. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ हा त्वचारोगांचा व्यापक गट आहे आणि चरकसंहितेत त्याचे 18 प्रकार सांगितले आहेत. पुढे बोलण्यात तोच शब्द महारोगाला चिकटला. कोडाचा त्या रोगाशी संबंध नाही. कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. डाग दुधासारखा पांढरा दिसतो, तेथील संवेदना शाबूत असते, आणि तो कोणालाही लागत नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. हा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्ये शोधला. त्यातला चट्टा फिकट किंवा तांबूस असतो आणि तेथे बऱ्याचदा स्पर्श कळत नाही. तोही बहुविध औषधांनी सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो आणि सरकारी रुग्णालयांत ही औषधे मोफत मिळतात.

नातीसाठी मलमे आणि प्रकाशोपचार हे पर्याय आहेत. गुडघ्यापेक्षा चेहऱ्यावर रंग सहसा लवकर परततो, पण काही महिने धीर धरावा लागतो. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर मराठीत ‘कोड आहे, संसर्गजन्य नाही’ एवढे लिहून घ्या आणि शाळेतल्या बाईंना दाखवा. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी ते न मागताच लिहून देतो.