लिफ्ट केल्यापासून गाडी वाजतेय: वाचकांचे प्रश्न

पावसाळा उतरला की सस्पेन्शनच्या आवाजाचे प्रश्न वाढतातच, पण यावेळी आलेल्यात बरेचसे लिफ्ट केलेल्या, म्हणजे मुद्दाम उंची वाढवलेल्या गाड्यांचे आहेत म्हणून तेच एकत्र घेतोय. आधी सगळ्यांना एक विनंती. आवाज कुठून येतोय हे लगेच ठरवू नका, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) लोखंडाची आहे, मागच्या बुशचा (सांध्यातल्या रबराच्या नळीचा) आवाज सीटखाली आल्यासारखा वाटतो आणि डावीकडची ढिलाई उजवीकडे ऐकू येते. त्याऐवजी आवाज कधी येतो ते लिहून काढा. एक चाक खड्ड्यात गेल्यावर की दोन्ही, ब्रेकवर की गाडी जागेवरून सोडताना, उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवलं तरी येतो का, पावसात बंद होतो का. एवढं लिहिलंत तरी निम्मे पार्ट यादीतून कटतात, आणि तेही एक रुपया न घालवता.

प्रश्न: दादा, माझी २०२१ ची डिझेल थार आहे, पुढे-मागे स्पेसर (उंची वाढवणारे तुकडे) टाकून २ इंच उचललीय. तेव्हापासून सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर आणि बारीक खड्ड्यांत पुढून टक-टक-टक येतं, स्पीड वाढला की ऐकू येत नाही. ताम्हिणीत जाऊन आलो तर दगडांवर जास्तच वाजत होती. गॅरेजवाला म्हणतो चारही शॉकअप गेले, बदला. खरंच गेले असतील का? – एक वाचक, पुणे

मित्रा, लिफ्ट करायच्या आदल्या दिवशी चांगले असलेले चार शॉकअप दुसऱ्या दिवशी एकदम जात नाहीत, त्यामुळे पैसे काढायची घाई करू नकोस. शॉकअप गेला की तेलाचा ओघळ दिसतो किंवा गाडी गतिरोधकावरून उतरल्यावर दोन-तीनदा डुलत राहते, तू यातलं काहीच लिहिलेलं नाहीस.

तुझ्या थारला पुढे डबल विशबोन म्हणजे दोन आर्मचं सस्पेन्शन आहे, प्रत्येक बाजूला वरचा आर्म, खालचा आर्म, मध्ये स्प्रिंगसकट शॉकअप आणि दोन्ही बाजू जोडणारा स्टॅबिलायझर बार. गाडी उचलली की दोन्ही आर्म खाली झुकतात, बारचा कोन बदलतो आणि त्याला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या लिंक रॉडचे छोटे बॉल ज्या कोनात कधी राहिलेच नव्हते त्या कोनात कायमचे राहतात. कमी स्पीडला, एकेक चाक वरखाली होताना येणारी बारीक टकटक म्हणजे माझा पहिला संशय कायम लिंक रॉडवर. खात्री अशी कर, एखादा गतिरोधक सरळ ओलांड म्हणजे दोन्ही चाकं एकदम चढतील, मग तोच गतिरोधक तिरका ओलांड म्हणजे एकेक चाक चढेल. सरळ जाताना गप्प आणि तिरकं जाताना टकटक असेल तर बार, त्याचे डी-बुश (बारला चासीशी धरणारे रबर) आणि लिंक हीच जागा. अजून पक्कं करायचं तर दोन्ही बाजूंच्या लिंक काढ, दोन्ही म्हणजे दोन्ही, एक काढून उपयोग नाही, बार कुठे आपटणार नाही असा बांधून टाक आणि सोसायटीतल्या सोसायटीत हळू फिरव. आवाज गेला तर सापडलं. मात्र असं लिंक काढून हायवेला किंवा घाटात जायचं नाही, वळणावर गाडी फार झुकते.

आणि लिंक हाताने हलवून बघणार असशील तर चारही चाकं जमिनीवर असताना बघ. एकच चाक जॅकवर घेतलं की बार पिळला जातो, लिंक ताणात येते आणि ढिलाई लपून बसते. बरेच लोक इथेच फसतात, गाडी जॅकवर घेतात, लिंक हलवतात, घट्ट लागते आणि म्हणतात लिंक ओके आहे.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट, आणि ही फक्त तुझ्यासाठी नाही, लिफ्ट केलेल्या प्रत्येकासाठी आहे. किट बसवताना आर्मचे बोल्ट गाडी गॅरेजच्या उचलायच्या मशीनवर, चाकं लोंबकळत असताना घट्ट केले का हे गॅरेजमध्ये विचार. आर्मच्या बुशमध्ये आतली नळी बोल्टने जखडलेली असते, बाहेरची आर्ममध्ये असते आणि मधलं रबर दोघांना चिकटलेलं असतं, म्हणजे आर्म वरखाली होतो तेव्हा बुश फिरत नाही, रबर पिळलं जातं. चाक लोंबकळताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्या आल्या रबर पिळलेलं, आणि ते चोवीस तास पिळलेलंच राहतं. मग कुरकुर सुरू होते, गाडी कडक लागते, आणि थोड्या दिवसांत रबर फाटून ठोके. बुश फाटला की लोक नवा बुश टाकतात, तोही लोंबकळत्या चाकावरच आवळतात, आणि सहा महिन्यांनी परत तेच. हे बघून मला खरंच वाईट वाटतं कारण उपाय फुकटचा आहे. गाडी पिटवर किंवा चाकांवर उभी राहील अशा रॅम्पवर घ्यायची, आर्मचे बोल्ट थोडे सैल करायचे, बंपर दाबून गाडी चार-पाच वेळा हलवायची, पुढेमागे ढकलायची, आणि मग वजन चाकांवर असताना टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचं. नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. लिफ्टनंतर अलाइनमेंट केलंच नसेल तर ते एरवीही करावंच लागणार आहे.

हे करूनही टकटक राहिली तर स्पेसरकडे बघ. नवीन स्पेसरवर जाड रंग असतो, तो दाबाने चिरडला जातो आणि नट आपोआप सैल पडतो, म्हणून कुठलंही किट बसवल्यावर काहीशे किलोमीटरनी सगळे नट परत तपासायचेच असतात. आवळलेल्या प्रत्येक नटावर मार्करने नटापासून खालच्या पत्र्यापर्यंत सरळ रेघ मार, पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरलाय. आणि शॉकअपच्या वरच्या माऊंटवर हात ठेवून दुसऱ्याला गाडी दाबायला सांग, ठोका हाताला कळतो, कानापेक्षा हातावर विश्वास ठेव.

प्रश्न: सर, मी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप वापरतो, शेतीचा मालही नेतो आणि सुट्टीला कासकडच्या कच्च्या रस्त्यांनाही नेतो. मागे जास्तीचा पाटा (स्प्रिंगची लोखंडी पट्टी) टाकून उंच केलीय. आता गाडी जागेवरून सोडताना एकदा "ठक्" आणि ब्रेक मारून थांबलो की परत एकदा "ठक्". खड्ड्यात काही आवाज नाही. काय असेल? – एक वाचक, सातारा

तुम्ही आवाज इतका नीट लिहिलाय की काम अर्धं झालं. खड्ड्यात गप्प आणि ओढ बदलली की एकच ठोका, म्हणजे शॉकअप, लिंक हे सगळं बाजूला ठेवा. इंजिनाची ताकद चाकाकडे जाताना आणि ब्रेकवर उलटी येताना वाटेत कुठेतरी मोकळी जागा पडलीय. ती बहुतेक तीन ठिकाणी असते: पाटे आणि हौसिंग (मागच्या ॲक्सलचं कवच) आवळणारे यू-बोल्ट, गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे), आणि शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा, खाचांचा स्प्लाइनचा भाग.

सुरुवात यू-बोल्टपासून करा कारण ते सगळ्यात धोक्याचं आहे. पाटा वाढवला म्हणजे चळत जाड झाली, जुनेच यू-बोल्ट परत वापरले असतील तर आटे पुरेसे धरलेत का बघा. एकदा ताणले गेलेले यू-बोल्ट परत वापरूच नयेत, नवे घ्यावेत, तिरक्या कोपऱ्यांतले एकाआड एक आवळावेत आणि थोडे दिवस चालवून, मागच्या हौद्यात माल असताना परत आवळावेत. ढिले असल्याची खूण डोळ्याला दिसते, पाटा आणि हौसिंगच्या बैठकीत तांबूस भुकटी किंवा घासून चकचकीत झालेली रेघ. पाटे एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट तुटला असेल तर हौसिंग पुढे-मागे सरकतं, दोन्ही बाजूंचं पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर टेपने मोजा, फरक आला तर गाडी जागची हलवू नका.

मग शाफ्ट. सपाट जागा, चाकांना दगड, गाडी न्यूट्रल, इंजिन बंद, आणि हाताने शाफ्ट डावीउजवीकडे फिरवायचा, क्रॉसमध्ये जरासुद्धा खेळ नको. क्रॉसच्या टोप्यांभोवती लाल भुकटी असेल तर आतल्या सुया कोरड्या पडल्यात. ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर चारही टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारा, एका टोपीतून आलं नाही तर तो क्रॉस बदलाच. स्प्लाइनलाही ग्रीस द्या, तिथला ठोका ग्रीसने बऱ्याचदा जातो. तुमचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल आणि ठोक्याबरोबर गाडी सोडताना थरथरही येत असेल तर दोन तुकड्यांमधल्या सेंटर बेअरिंगचा कोन बिघडलाय, उंची वाढल्याने हे होतं, बेअरिंगखाली योग्य मापाचा तुकडा देऊन कोन परत आणतात.

प्रश्न: आमच्याकडे महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे, चारही बाजूंना पाटे, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारे दुवे) मोठे टाकलेत. उन्हाळ्यात कर्र-कर्र एवढी की बोलणं ऐकू येत नाही, पावसात बंद. गावात सांगतात जळकं ऑइल ओता. ओतू का? – जुन्नरजवळून

नका ओतू काका. दोन दिवस गप्प बसेल, मग त्यावर धूळ बसून ती मातीच पाट्यांमध्ये घासेल आणि ते ऑइल शॅकलच्या रबराला फुगवून खाईल. पावसात बंद होते याचा अर्थच कोरडं घर्षण आहे, तुटलेलं काही नाही. पाटे सोडवून वायर ब्रशने साफ करा, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा, आणि एखादा पाटा तडकलाय का तेही तेव्हाच बघा. शॅकलच्या पिनांना निप्पल असेल तर नियमित पंप. रबराच्या बुशवर साधं ग्रीस कधीच नाही, तिथे सिलिकॉनचंच. कुठला बुश कुरकुरतोय ते कळत नसेल तर साबणाचं पाणी एकेका बुशवर मारून गाडी हलवा, ज्यावर पाणी पडल्यावर आवाज थांबला तोच.

प्रश्न: आम्ही अमेरिकेत डेन्व्हरला राहतो. २०१३ ची टोयोटा टाकोमा पिकअप आहे, ३ इंच लिफ्ट. ताशी ४५ ते ५५ मैलांवर ॲक्सिलरेटर सोडला की पुढून डावीकडून गुरगुर येते. शॉपने व्हील बेअरिंग बदललं, ७०० डॉलर गेले, आवाज तसाच. आता अख्खा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) बदलायला सांगतायत. – एक वाचक

ताई, डिफरन्शियल बदलायच्या आधी एक टेस्ट करा. मोकळ्या खडीच्या किंवा बर्फाच्या सरळ रस्त्यावर, जिथे टायरला थोडं घसरायला वाव आहे तिथे, आवाज सुरू असलेल्या स्पीडला येऊन फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा वेगवान मोड) लावा. गुरगुर थांबली तर डावीकडचा सीव्ही शाफ्ट (पुढच्या चाकाला ताकद नेणारा दांडा) डिफरन्शियलमध्ये जिथे शिरतो तिथलं सुयांचं छोटं बेअरिंग बघायला सांगा. लिफ्टमुळे शाफ्टचा कोन वाढतो, टू-व्हील ड्राइव्हमध्ये तो शाफ्ट मोकळा फिरत असतो आणि त्या बेअरिंगमध्ये थरथरतो, फोर-व्हील लावल्यावर ताणात येऊन गप्प होतो. या पिढीच्या लिफ्ट केलेल्या टाकोमांत हे नेहमीचं आहे आणि त्या सुयांच्या बेअरिंगऐवजी बसणारा भरीव बुश तुमच्याकडे सहज मिळतो, डिफरन्शियलच्या मानाने अगदी थोड्या पैशात. व्हील बेअरिंगचा आवाज वेगळा असतो, तो लेन बदलताना वजन एका बाजूला गेलं की वाढतो किंवा कमी होतो, आणि ॲक्सिलरेटर सोडण्याशी त्याचा संबंध नसतो. हा प्रश्न शॉपने ७०० डॉलर घ्यायच्या आधी विचारायला हवा होता.

गाडी वर घेतलीच आहे तर चाकं पूर्ण लोंबकळू द्या आणि वरचा आर्म स्प्रिंगला टेकतोय का बघा, स्प्रिंगवरचा रंग उडालेला दिसला तर तिथे ठोके बसतायत, त्याला कोन बदललेला वरचा आर्म लागतो. कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, ते आर्मच्या बोल्टांना बुशच्या नळीत गंजवून चिकटवतं, त्यामुळे काम सांगताना नवे बोल्ट आधीच मागवून ठेवा.

प्रश्न: गोव्यात पावसाळ्यात होणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा बघून मारुतीची जिम्नी घेतली आणि लगेच २ इंच उचलली. सिग्नलला उभा असताना स्टेअरिंग जरा हलवलं तरी खालून कट्-कट्. कधीकधी ६० च्या वर खड्डा लागला की स्टेअरिंग थरथरतं. मडगाव–पणजी रोज जातो. – फोंडा

रोजचं जाणं आजच थांबव. जिम्नीला पुढेही सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा अखंड दांडा) आहे आणि तो आडवा सरकू नये म्हणून चासीपासून ॲक्सलपर्यंत एक लॅटरल रॉड असतो. गाडी उचलली की तो रॉड तिरका होतो, ॲक्सलला एका बाजूला ओढतो आणि त्याच्या बोल्टवर जोर वाढतो, बोल्ट जरा सैल राहिला की भोक अंडाकृती होतं. तपासायला दोन माणसं लागतात: चाकं जमिनीवर, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, एकाने स्टेअरिंग मनगटाएवढंच डावीउजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने पुढून टॉर्च मारून बघायचं, गाडीखाली शिरायचं नाही. रॉडचं टोक ब्रॅकेटमध्ये हललं की तिथेच आहे. तिथे काही नसेल तर स्टेअरिंगच्या टाय रॉडचे बॉल, मग किंगपिन बेअरिंग (ज्यावर चाक वळतं ते), ते चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं की कळतं.

थरथर आणि कट्-कट् एकाच ढिलाईतून येत असण्याची शक्यता मोठी आहे. लोक ती थरथर दाबायला जाड स्टेअरिंग डॅम्पर टाकतात, तो ढिलाई झाकतो आणि भोक मोठं होत राहतं. बोल्ट, बुश आणि ब्रॅकेट आधी, लांबी बदलता येणारा लॅटरल रॉड घेऊन ॲक्सल मधोमध आणायचा, मग अलाइनमेंटमध्ये कॅस्टर (चाक ज्या रेषेवर वळतं तिचा मागे कलता कोन) बघून घ्यायचा. आणि लिफ्टची माहिती विमा कंपनीला कळवलीस का तेही बघ, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबाबतच आहे, अपघातानंतर हा विषय निघाला तर फार त्रास होतो. ब्रॅकेटचं भोक अंडाकृती निघालं तर मोठा बोल्ट घालून भागवू नकोस, चासीच्या वेल्डिंगचं काम जाणणाऱ्याकडूनच ते दुरुस्त करून घे, आणि तोपर्यंत बसने जा.